घुसळण, तगमग आणि आंदोलन

इंग्रजी भाषेतील 'अ‍ॅजिटेशन' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. रुग्णालयातील डॉक्टर तो वापरतात तेव्हा खाटेवर तळमळणारा, पांघरूण फेकून उठू पाहणारा, आवरता न आवरणारा रुग्ण त्यांच्या नजरेसमोर असतो. कारखान्यातील अभियंता तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्याला टाकीतील द्रव ढवळणाऱ्या पात्यांची गती अभिप्रेत असते. आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो येतो तेव्हा मोर्चा, धरणे, घोषणा आणि पोलिसांचा बंदोबस्त असे चित्र उभे राहते. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'आगेरे' म्हणजे हाकणे, चालविणे. आणि तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे म्हणजे 'आगितारे'. जे स्वस्थ बसले आहे त्याला वारंवार हलविणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

मराठीने या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे शब्द योजले आहेत. ताक आपण घुसळतो, औषधाची बाटली हलवितो, रुग्णाची तगमग होते आणि समाजात आंदोलन होते. तरीही या शब्दांचे आतले नाते तुटलेले नाही. 'चळ लागणे' म्हणजे वेड लागणे. परंतु त्याच 'चळ'शी जवळीक असलेली 'चळवळ' आपल्याला आदरणीय वाटते. 'आंदोलन' या संस्कृत शब्दाचा अर्थ झोका घेणे, हिंदोळणे. दरबारी कानडा गाणारा गवई आपला गंधार आंदोलित ठेवतो आणि त्या हेलकाव्यानेच रागाचे रूप प्रकट होते. 'ढवळणे' ही स्वयंपाकघरातील निरुपद्रवी क्रिया, पण 'ढवळाढवळ' झाली की तिला दूषण लागते. भांडे खळबळून धुतले तर ते स्वच्छ होते. गावात खळबळ उडाली तर माणसे दारे लावून घेतात.

तात्पर्य, हलविणे हे स्वतः चांगले नाही व वाईटही नाही. मग ते केव्हा करावे, केव्हा थांबवावे आणि केव्हा त्याच्याकडे रोगाचे लक्षण म्हणून पाहावे? शेतकरी, कारखानदार, वैद्य आणि लोकनेते यांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने शोधली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास एकत्र पाहिला, तर आपल्या घरातील आणि गावातील काही प्रसंगांकडे आपण अधिक समंजसपणे पाहू शकू, असे मला वाटते.

शेतातील आणि गिरणीतील हालचाल

आपल्या बिरसीपासूनच आरंभ करू. गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात बांधीत पाणी साचले की शेतकरी चिखलणी करतो. नांगराने किंवा ट्रॅक्टरने माती आणि पाणी इतके एकजीव केले जाते की पाहणाऱ्याला शेताची नासाडी चालली आहे असे वाटावे. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. ढवळलेल्या मातीतील बारीक कण हळूहळू खाली बसतात, जमिनीतील छिद्रे बुजतात, पाणी झिरपणे कमी होते आणि बांधी पाणी धरून ठेवते. तण चिखलात गाडले जाते. त्या मऊ चिखलात पऱ्हे सहज रोवता येतात. एकदा रोवणी झाली की मात्र कोणीही शहाणा शेतकरी ती बांधी पुन्हा ढवळीत नाही. मुळे धरण्यासाठी आता स्वस्थता हवी असते. एकाच शेतात, काही दिवसांच्या अंतराने, आधी क्षोभ आणि नंतर शांतता अशा दोन्हींची गरज असते.

पीक हाती आल्यावर पुन्हा हालचाल सुरू होते. मळणी, उफणणी आणि शेवटी भातगिरणी. गोंदिया शहराची ओळखच या गिरण्यांमुळे झाली. गिरणीत धानाचे तूस काढले जाते, पण पहिल्या फेरीत सर्वच दाणे सोलले जात नाहीत. सोललेला आणि न सोललेला दाणा वेगळा करणे हे हाताने होणारे काम नव्हे. त्यासाठी उतरता पत्रा सतत हेलकावत ठेवतात. तूस असलेला दाणा हलका आणि खरबरीत, तर सोललेला दाणा जड आणि गुळगुळीत. त्यामुळे हेलकाव्यांनी ते आपोआप आपापल्या वाटेला लागतात. पत्रा स्थिर राहिला तर दोन्ही एकत्रच पडून राहतील. तो गरजेपेक्षा जोराने हलला तर ते पुन्हा मिसळतील. गिरणीचा जाणता कामगार म्हणून पत्र्याचा उतार आणि हेलकाव्याची गती यांवर सारखे लक्ष ठेवतो.

आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक होते. रवी किती वेळ फिरवावी, लोणी वर आले की हात केव्हा आवरता घ्यावा, उन्हाळ्यात ताकात थंड पाणी केव्हा घालावे, याचे ज्ञान तिच्या मनगटात होते. लोणी आल्यानंतरही घुसळीत राहिले तर गोळा नीट धरत नाही, हे तिने कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

पिंपरीच्या टाक्या

हेच मनगटाचे ज्ञान विसाव्या शतकात उद्योगाच्या कामी आले आणि त्याने लाखो प्राण वाचविले. पेनिसिलिनची गोष्ट आपल्याला शाळेत शिकविली जाते, पण अर्धवट. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये बुरशीचा तो गुण पाहिला, एवढे आपल्याला माहीत असते. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते औषध वेगळे केले. त्यांची बुरशी मात्र उथळ भांड्यांत, द्रवाच्या पृष्ठभागावर वाढत असे. उत्पादन इतके तुटपुंजे की १९४१ मध्ये ज्या पोलिसाला हे औषध प्रथम दिले गेले, त्याच्या मूत्रातून ते पुन्हा मिळवून पुन्हा टोचावे लागले. तो सुधारू लागला होता; परंतु औषध संपले आणि तो दगावला.

औषध ठाऊक होते, पण पुरेसे नव्हते. ही कोंडी अमेरिकेत फुटली. पिओरिया येथील प्रयोगशाळेत आणि नंतर औषध कारखान्यांत मोठ्या, खोल टाक्यांमध्ये बुरशी वाढविण्याची रीत सिद्ध झाली. बुरशीला प्राणवायू लागतो. खोल टाकीच्या तळाशी तो पोहोचावा म्हणून खालून निर्जंतुक हवा सोडायची आणि मधल्या दांड्यावरील पात्यांनी सर्व द्रव अखंड ढवळीत ठेवायचा. ढवळणे थांबले तर बुरशी गुदमरते. ढवळणे अति झाले तर तिचे नाजूक धागे तुटतात. या दोन मर्यादांमधील योग्य गती सापडली आणि १९४४ पासून पेनिसिलिन विपुल प्रमाणात तयार होऊ लागले.

हे तंत्र आपल्या महाराष्ट्रात लवकरच आले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. भारतात सरकारी क्षेत्रात प्रतिजैविके निर्माण करणारा हा पहिला कारखाना. त्यानंतरच्या वर्षांत आपल्या ग्रामीण दवाखान्यांतून न्यूमोनियाच्या किंवा जखम चिघळलेल्या रुग्णांना जे इंजेक्शन मिळू लागले, त्याच्यामागे अशा टाक्यांतील फिरती पाती होती, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. कारखान्यातील 'अ‍ॅजिटेटर' हा कधीही बेभान नसतो. त्याला नेमून दिलेली गती असते, नेमून दिलेली वेळ असते आणि शेवटी काय हाती यावयाचे आहे हे आधीच ठरलेले असते.

रुग्णाची तगमग

आता रुग्णशय्येकडे वळू. येथे क्षोभ कोणी मुद्दाम निर्माण केलेला नसतो. तो आपण होऊन उसळतो आणि पाहणाऱ्याला भयभीत करतो. त्या भयापोटी माणसाने शतकानुशतके एकच उपाय केला : बांधून ठेवणे.

सोळाव्या शतकात स्पेनमधील ग्रानादा शहरात जुआन नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. एका प्रवचनाने त्याच्या मनात असा उद्रेक झाला की तो रस्त्यांतून आक्रंदत फिरू लागला. लोकांनी त्याला वेडा ठरवून राजकीय रुग्णालयात टाकले. तेथे वेडावरचा प्रचलित उपचार म्हणजे चाबकाचे फटके. बाहेर पडल्यावर त्याने स्वतःच रुग्णांसाठी घर उघडले आणि त्यांना ममतेने वागविले. आज आपण त्यांना देवाचा संत जॉन म्हणून ओळखतो. १४९५ ते १५५० हा त्यांचा जीवनकाळ. तगमग सोसलेल्या माणसाने तगमगीवरचा उपचार बदलला, असे या चरित्रातून दिसते. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप पिनेल आणि त्यांचे सहकारी पुसाँ यांनी मनोरुग्णांच्या साखळ्या काढण्यास आरंभ केला. साखळी काढल्यावर अनेक रुग्ण अधिक हिंसक होण्याऐवजी शांत झाले, हे पाहून त्या काळच्या वैद्यांना आश्चर्य वाटले.

आपल्या विदर्भात नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. ब्रिटिश अमदानीत अशा संस्थांना 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणत आणि १९१२ च्या कायद्याच्या नावातही 'लूनसी' म्हणजे वेड हाच शब्द होता. त्या काळी क्षुब्ध रुग्णाला शांत करण्याची साधने थोडी होती : कोंडणे, बांधणे, थंड पाण्यात बसविणे किंवा गुंगी आणणारी औषधे देणे.

परंतु भारताच्या रानात एक मुळी होती. सर्पगंधा हे तिचे नाव. उन्मादावर ती देण्याची परंपरा जुनी होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या परिणामांचा अहवाल दिला. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक आणि पुढील वर्षी पद्मभूषण सन्मान मिळाला. १९५२ मध्येच पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे दुसरे औषध मनोरुग्णांना देण्यात आले. या दोन औषधांनी मनोरुग्णालयांतील गोंगाट शमविला. साखळी आणि कोठडी यांवाचून रुग्ण सांभाळता येईल, अशी आशा निर्माण झाली.

पण या यशाबरोबर एक नवा मोहही आला. गोळी दिली की रुग्ण शांत होतो. मग तो अशांत का झाला होता, हे विचारण्याची निकड वाटेनाशी होते. खुद्द रेसर्पिनबद्दल पुढे अशी शंका आली की ते काही रुग्णांना गाढ खिन्नतेत लोटते, आणि त्याचा वापर मागे पडला. रुग्ण गप्प बसला याचा अर्थ तो बरा झाला असा होत नाही, हा धडा वैद्यकाला त्यातून पुन्हा एकदा मिळाला.

आजचे वैद्यकशास्त्र म्हणून तगमगीकडे प्रथम एक निरोप म्हणून पाहते. आपल्या घरातील वृद्ध आजोबा एका रात्रीत असंबद्ध बोलू लागले, माणसे ओळखेनासे झाले, अंथरुणातून उठून धावू लागले, तर घरचे म्हणतात, वय झाले. परंतु लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग, रक्तातील साखर उतरणे, प्राणवायू कमी पडणे, क्षार घटणे, एखादे नवे औषध न मानवणे, किंवा सांगता न येणारी वेदना यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. नित्य मद्य घेणाऱ्याने ते अचानक सोडले तर दोन-तीन दिवसांनी त्याला असा झटका येऊ शकतो. आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मलेरिया परिचयाचा आहे. तो मेंदूपर्यंत पोहोचला तर रुग्ण बडबडतो, झटापट करतो आणि नंतर बेशुद्ध होतो. पूर्वीचे लोक त्याला 'वात झाला' म्हणत. अशा वेळी 'बाहेरची बाधा' म्हणून मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला एकेक तास प्राणावर बेततो. तगमग अचानक सुरू झाली असेल तर रुग्णालय गाठावे, इतके तरी प्रत्येक कुटुंबाने मनाशी पक्के करावे.

दीर्घकाळच्या मनोविकाराची गोष्ट याहून अवघड आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे मृत्युमुखी पडले. त्या घटनेने सारा देश हादरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. त्याला आवरून धरणे हे केवळ तात्काळ इजा टाळण्यासाठी, दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच आणि गरजेपुरत्या वेळेपुरतेच करता येते. पिनेलपासून या कायद्यापर्यंत सव्वादोनशे वर्षे लागली. या साऱ्या इतिहासाचे सार एका प्रश्नात सांगता येते : या माणसाला काय होत आहे? जेथे हा प्रश्न विचारला गेला तेथे उपचार पुढे गेला. जेथे केवळ 'याला गप्प कसे करावे' असे विचारले गेले तेथे तो साखळीपाशीच थांबला.

समाजाची अस्वस्थता

समाजाच्या बाबतीतही हाच प्रश्न लागू पडतो. इंग्लंडमध्ये १६४७ मध्ये संसदेच्या सैन्यातील शिपायांनी थकलेला पगार आणि इतर गाऱ्हाणी मांडण्यासाठी आपले प्रतिनिधी निवडले. त्यांना 'अ‍ॅजिटेटर' असे नाव पडले. पुढे हा शब्द सत्ताधाऱ्यांच्या तोंडी शिवीसारखा रुळला. चिथावणीखोर, शांततेचा भंग करणारा, असा त्याचा अर्थ झाला. आपल्या वाचकांना हे स्मरेल की पिलातासमोर येशू ख्रिस्तावर ठेवलेला आरोपही याच जातीचा होता : हा लोकांना चेतवितो.

या शब्दाला सनदशीर प्रतिष्ठा मिळवून देण्यात एका आयरिश कॅथलिकाचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमधील कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसता येत नव्हते. डॅनियल ओकॉनेल यांनी १८२३ मध्ये कॅथलिक असोसिएशन स्थापन केली आणि दरमहा एक पेनी वर्गणी ठेवली. ही नाणी धर्मग्रामांतून, अनेकदा चर्चच्या दाराशी, गोळा होत. ज्याच्याजवळ मत नव्हते त्या कुळालाही एका पेनीने चळवळीत स्थान मिळाले. १८२८ मध्ये ओकॉनेल निवडून आले आणि १८२९ मध्ये कायदा बदलला. शस्त्र न उचलता एवढा मोठा बदल घडू शकतो, हे युरोपने पाहिले. पुढे १८४३ मध्ये क्लोंटार्फ येथील त्यांच्या प्रचंड सभेवर सरकारने आदल्या दिवशी बंदी घातली. रक्तपात टाळण्यासाठी त्यांनी ती सभा रद्द केली. तरुण अनुयायांनी त्यांना दोष दिला. इतिहासकारांचे त्याविषयी एकमत नाही. पण थांबण्याचा निर्णय हाही आंदोलनाचाच भाग असतो, हे त्या प्रसंगातून दिसले. आपल्याकडे १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकार स्थगित केला, तेव्हाही असाच वाद झाला होता.

महाराष्ट्रात या मार्गाचा पहिला मोठा प्रवासी म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरणीत भांडारपाल म्हणून काम करताना त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, सुट्टीचा निश्चित दिवस नाही, पगाराची निश्चित तारीख नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन. सहा वर्षे हे चालले. एप्रिल १८९० मध्ये सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

वाचकहो, रविवारी सकाळी आपण कुटुंबासह मिस्साला जातो तेव्हा ती सुट्टी आपल्याला पंचांगातून आल्यासारखी वाटते. या देशातील श्रमिकाला ती एका सत्यशोधकाच्या सहा वर्षांच्या चिकाटीने मिळाली, हे कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे.

लोखंडे यांच्या चरित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा हाच 'चिथावणीखोर' माणूस वस्त्यांतून फिरून लोकांना शांत करीत होता. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. ज्याने कामगारांना हलविले, त्यानेच दंगलीत त्यांना आवरले आणि साथीत त्यांची शुश्रूषा केली. कोणता क्षोभ जागवावा आणि कोणता शमवावा याचा विवेक एकाच माणसाजवळ असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधीच विधिवत मागे घेतला गेला नाही. कामगारांचे गाऱ्हाणे खरे होते. परंतु मालकांना जुन्या यंत्रांपेक्षा जमिनीची किंमत अधिक वाटू लागली होती आणि सरकारनेही नमते घेतले नाही. रवी फिरत राहिली, लोणी मात्र आले नाही. हजारो कुटुंबे गावी परतली. त्याचा दोष एकट्या कामगारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तगमग पाहणाऱ्यांनी कारण विचारले नाही, आणि तगमग करणाऱ्यांना थांबण्याची जागा सापडली नाही, अशी ती दुहेरी शोकांतिका होती.

वसईचा अनुभव याहून वेगळा. तेथील 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस इतरांच्या साथीने हरित वसईची चळवळ उभी केली. विहिरींचे पाणी, केळीच्या बागा आणि शेतजमीन वाचविणे हा तिचा विषय होता. धर्मगुरूने अशा कामात पडावे काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. परंतु सर्व धर्मांचे शेतकरी तीत उतरले आणि पर्यावरण हा शब्द त्या भागातील घराघरांत पोहोचला. २०२० मध्ये धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या दिब्रिटो यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

आणि बिरसी? इंग्रजांनी १९४० मध्ये महायुद्धासाठी येथे धावपट्टी बांधली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खाते आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे आली. धावपट्टी वाढली, वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, २०२२ मध्ये प्रवासी विमानही उतरले. याच काळात विस्तारामुळे ज्यांच्या घरादारांचा प्रश्न उभा राहिला त्या ग्रामस्थांनी पुनर्वसनासाठी वेळोवेळी आंदोलने केली. विमानतळ हवा की नको, हा त्यांचा प्रश्न नव्हता. आम्ही कोठे राहावे, हा होता. असा आवाज ऐकू आला की आपल्यातील सुखवस्तू मंडळी 'पुन्हा काय यांचे सुरू झाले' असे म्हणून मोकळी होतात. रुग्णाची तगमग पाहून कंटाळलेल्या परिचारकाचे आणि या उद्गाराचे गोत्र एकच आहे.

दोन प्रश्न

आता हे धागे एकत्र घेऊ. गिरणीतल्या पत्र्याकडून आणि पिंपरीच्या टाकीकडून आंदोलन करणाऱ्यांनी शिकावे : शेवटी काय हाती यायला हवे हे आधी ठरवावे, गतीला माप असावे आणि काम झाले की हात आवरता घ्यावा. ज्याला केवळ ढवळण्यातच रस आहे, तो शेवटी गाळच वर आणतो. आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे, मग तो सरकारचा असो, कारखान्याचा असो, धर्मग्रामाचा असो वा कुटुंबाचा, त्यांनी वैद्यकाच्या इतिहासापासून शिकावे : गप्प करण्याआधी कारण विचारावे. घरात चिडचिड करणारा किशोर मुलगा, एकाएकी अबोल वा भांडखोर झालेली सून, रात्रभर येरझारा घालणारे आजोबा यांना 'शांत बस' म्हणणे सोपे असते. 'तुला काय होत आहे' असे विचारून उत्तर मिळेपर्यंत थांबणे कठीण असते; आणि खरा उपचार बहुधा तेथूनच सुरू होतो.

योहानच्या शुभवर्तमानात यरुशलेमेतील बेथेसदा तळ्याचा प्रसंग आहे. तेथील पाणी हालले की त्यात प्रथम उतरणारा बरा होतो, अशी लोकांची समजूत होती. म्हणून आजारी, आंधळे, लंगडे काठावर बसून पाणी ढवळण्याची वाट पाहत. अडतीस वर्षे पडून असलेल्या एका माणसाला मात्र तेथवर नेणारा कोणी नव्हता. दरवेळी दुसराच कोणीतरी आधी उतरे. येशूने त्याला प्रथम एक प्रश्न विचारला, बरे व्हायचे आहे काय, आणि मग त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. पाणी ढवळले जाणे हे त्या तळ्याकाठी आशेचे चिन्ह होते. पण त्या ढवळण्याचा लाभ सर्वांत दुबळ्याला मिळतो की नाही, हे पाहणारा कोणीतरी काठावर असावा लागतो. आपल्या घरात, धर्मग्रामात आणि गावात ते काम आपल्याकडे आलेले आहे.